राजे लखुजीराव जाधव

गेल्या सत्रात एके दिवशी मधल्या सुटीनंतर आम्ही नववीच्या वर्गात शिरलो, तो मागच्या बाकांवर मोठा वाद माजलेला आढळला. वादाचा विषय भूमितीचा किंवा व्याकरणाचा नव्हता, हे सांगावयास नकोच. जपानी चित्रमालिकेतील दोन सामुराई योद्ध्यांची अखेरची झुंज नुकतीच मुलांनी पाहिली होती, आणि पडलेला वीर खरोखर हरला की त्याने मुद्दाम हार पत्करली, यावर दोन तट पडले होते. मुले रात्र रात्र हे पाहत बसतात, अशी तक्रार पुष्कळ पालकांनी आमच्याजवळ केलेली आहे. तेव्हा न पाहताच दोष देणे बरे नव्हे असे मनात आणून आम्ही एका विद्यार्थ्याकडून तशा मालिकांचे काही भाग मागवून पाहिले.

पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली ती प्रांजळपणे नमूद करतो. दोन तरवारी एकमेकींस भिडतात त्याच क्षणी कथा थबकते व मागे वळते. वीराचे बालपण, जळालेले घर, मेलेली माता, मोडलेले वचन, हे सारे प्रेक्षकांस दाखवून मग तो वार पुरा केला जातो. केन्शिन नावाच्या एका नायकाच्या गालावर फुलीच्या आकाराचा वण आहे, आणि तो वण कसा पडला हे कळेपर्यंत त्या मनुष्याचे वागणे उलगडत नाही. ही रचना आम्हांस पोरकट वाटली नाही. वाराचा अर्थ वाराच्या आधी घडलेल्या गोष्टींत असतो, हे खरेच आहे. मात्र एक उणीव खटकली. शत्रू पडला, तरवार म्यानात गेली, की त्या चित्रांतील पुष्कळ झुंजींचा हिशेब तेथेच मिटतो. ज्याने वार केला तो उद्या सकाळी उठून कोणाच्या घरी जातो, त्याच्या लेकीसुनांनी कोणाकरिता रडावयाचे, याचा विचार त्यांत क्वचितच आढळतो.

जपानचा प्रख्यात असिवीर मियामोतो मुसाशी याने एका लहानशा बेटावर सासाकी कोजिरो याच्याशी केलेले द्वंद्व परंपरेने 1612 सालचे मानले जाते. त्या सुमारास आपल्या मुलखात काय चालले होते? अहमदनगरच्या निजामशाहीची सूत्रे मलिक अंबराच्या हाती होती, दिल्लीचे मोगल दक्षिणेत उतरत होते, आणि आपल्या सुलतानपुरावरून बीबी, दुसरबीड असा जालन्याकडे जो रस्ता जातो त्याच रस्त्यावर, सिंदखेड येथे, लखुजीराव जाधव नावाचे मराठे सरदार मोठ्या वैभवात नांदत होते. शिवछत्रपतींच्या मातोश्री जिजाबाई यांचे हे वडील होत. आमच्या मुलांनी जपानी वीरांची नावे तोंडपाठ केली आहेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ज्या गावावरून त्यांची एस.टी. जाते त्या गावच्या धन्याच्या हातूनही असेच एक द्वंद्व घडले होते व त्याची मागची आणि पुढची कथा कोणत्याही चित्रमालिकेहून दारुण आहे, हे त्यांस ठाऊक असावे, म्हणून हे चरित्र लिहीत आहोत.

जुन्या पुस्तकांत यांचे नाव लुखजी असेही लिहिलेले आढळते. जाधवांचे घराणे आपला वंश देवगिरीच्या यादव राजांपर्यंत नेत असे. यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या आरंभी बुडाले, आणि ज्या देवगिरीवर पूर्वजांनी छत्र धरले त्याच देवगिरीला दौलताबाद हे नाव पडून तेथे पुढे परक्या सुलतानांस मुजरे करण्याची पाळी वंशजांवर आली. ही जाणीव लखुजीरावांच्या मनात कितपत बोचत असेल हे आज कोण सांगणार? परंतु त्या घराण्याचा ताठा प्रसिद्ध होता व तो पुढील गोष्टींच्या मुळाशी आहे. सिंदखेडची देशमुखी लखुजीरावांकडे होती. निजामशाहीतील अगदी वरच्या पंक्तीच्या मराठा सरदारांत त्यांची गणना होई. त्यांच्या पत्नीचे नाव म्हाळसाबाई. दत्ताजी, अचलोजी, रघुजी व बहादुरजी हे त्यांचे पुत्र, आणि 12 जानेवारी 1598 रोजी जन्मलेली जिजाबाई ही कन्या.

जिजाबाईंच्या विवाहाची गोष्ट बखरकारांनी मोठ्या चवीने सांगितली आहे. वेरुळचे मालोजी भोसले हे आपला लहान मुलगा शहाजी यास घेऊन रंगपंचमीच्या दिवशी लखुजीरावांच्या वाड्यात आले होते. मुले एकमेकांवर रंग उडवू लागली, तेव्हा लखुजीरावांनी कौतुकाने हा जोडा कसा शोभतो असे काहीसे म्हटले. मालोजींनी तत्काळ उभे राहून भरल्या सभेत सोयरीक ठरल्याचे जाहीर केले. वाड्यातील स्त्रियांस हे रुचले नाही, बोलणे फिसकटले, मालोजी रागावून निघून गेले, आणि पुढे देवीच्या कृपेने त्यांस धन सापडून वैभव आल्यावर निजामशहाच्या मध्यस्थीने लग्न लागले. गोष्ट गोड आहे. परंतु तीत मालोजींस जितके दरिद्री रंगविले आहे तितके ते खचित नसावेत. कारण फलटणच्या नाईक निंबाळकरांसारख्या मातब्बर घराण्याने त्यांस आपली मुलगी दिली होती. आमच्या मते या कथेतून घ्यावयाचे ते एवढेच, की जाधव आपणांस भोसल्यांहून वरचे समजत व ही सोयरीक पहिल्या दिवसापासून थोडी अवघडलेली होती. मालोजी लवकरच इंदापूरच्या लढाईत पडले. शहाजीराजांचे चुलते विठोजी यांनी मग घर सांभाळले. या विठोजींस आठ पुत्र. त्यांतील संभाजी व खेळोजी ही नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. हे संभाजी म्हणजे शिवछत्रपतींचे पुत्र नव्हेत, हेही येथेच सांगून ठेवतो, कारण परीक्षेत हा घोटाळा दरवर्षी होतो.

लखुजीरावांच्या चाकरीविषयी फार लांबण लावीत नाही. निजामशाहीत मलिक अंबराचे वर्चस्व वाढले तशी इतर सरदारांची धुसफूस वाढली. 1616 साली काही सरदार बाळापूर येथे मोगल सेनापती शाहनवाजखान यास जाऊन मिळाले. त्यांत जाधवरावही होते, असे जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रावरून दिसते. त्याच वर्षी जालन्याजवळ रोशनगावी मलिक अंबराचा मोठा पराभव झाला. पुढे लखुजीराव पुन्हा निजामशाहीत परतले. आजच्या वाचकास हे धनी बदलणे हलकेपणाचे वाटेल. परंतु त्या काळी राज्य हे कोणा मराठ्याचे नव्हतेच. तीन चार परक्या दरबारांपैकी कोणाच्या पदरी आपली माणसे, घोडी व वतन सुरक्षित राहील, एवढाच प्रश्न सरदारांपुढे असे. लखुजीरावांनी तो प्रश्न आयुष्यात पुनःपुन्हा सोडविला व शेवटी एकदा चुकीचा सोडविला.

आता त्या द्वंद्वाकडे येऊ. याची हकीकत नेवाशाच्या कवींद्र परमानंदाने आपल्या शिवभारत या संस्कृत काव्यात दिली आहे. परमानंद हा शिवाजी महाराजांच्या पदरचा कवी, तेव्हा त्याचा ओढा भोसल्यांकडे असणार हे उघड आहे. तथापि जाधवांच्या शौर्यास त्याने उणेपणा आणलेला नाही.

निजामशहाचा दरबार आटोपून सरदार मंडळी बाहेर पडत होती. दरबार सुटल्यावर दरवाजापाशी कशी दाटी होत असेल याची कल्पना करावी. पालख्या, घोडी, हुजरे, भालदार, धन्याची वाट पाहत उभे असलेले हत्ती, आणि प्रत्येकाच्या माणसांस आपला धनी आधी निघावा ही घाई. त्या गर्दीत खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. समोर येईल त्यास तुडवीत तो निघाला. लखुजीरावांचे पुत्र दत्ताजी यांनी त्यास आवरण्याकरिता आपली माणसे पुढे घातली व स्वतःही त्यावर चाल केली. हत्ती म्हणजे सरदाराचे केवळ वाहन नसून त्याच्या इभ्रतीचे निशाण असे. आपल्या हत्तीवर शस्त्र चाललेले खंडागळ्यांस खपेना, आणि त्यांचा कैवार घेऊन विठोजींचे पुत्र संभाजी व खेळोजी पुढे आले.

येथवर कोणाचेही कोणाशी वैर नव्हते. दत्ताजींची बहीण भोसल्यांच्या घरी दिलेली. संभाजी हे तिचे चुलत दीर. सणावारी हे तरुण एका पंक्तीस बसले असतील, एकमेकांच्या घोड्यांची तारीफ केली असेल. जपानी चित्रांत वैराचे मूळ फार खोल दाखवितात. येथे मूळ म्हणजे एक बिथरलेले जनावर. परंतु सभोवार दोन्हीकडची माणसे पाहत होती, आणि पाहणाऱ्यांच्या देखत मागे सरणे हे कोणत्याच बाजूच्या तरुणास ठाऊक नव्हते. दत्ताजींनी हत्ती सोडला व ते संभाजींकडे वळले.

सामुराईची तरवार बहुधा दोन्ही हातांनी धरावयाची असते व त्यास ढाल नसते. म्हणून त्याचे द्वंद्व पुष्कळदा एका क्षणात निकालास लागते. आपल्याकडील तरवारबहाद्दराच्या उजव्या हातात तरवार व डाव्या हातात कातड्याची ढाल असे. वार घ्यावयाचा ढालीवर आणि त्याच दमात ढालीखालून किंवा बाजूने आपला वार द्यावयाचा, अशी ती विद्या. अशा झुंजीत मनगटाइतकाच पायांचाही कस लागतो, आणि दाटीच्या जागी मागे पाऊल टाकावयास जागाच नसते. ती झुंज संभाजींनी जिंकली. दत्ताजीराव जाधव ठार झाले.

लखुजीराव दरबारातून आधीच निघून पुढे गेले होते. वाटेत त्यांस ही बातमी पोहोचली. थोरल्या मुलाचा मृत्यू, तोही परक्या शत्रूच्या हातून रणात नव्हे, तर व्याह्यांच्या घरच्या मुलाकडून, भर दरवाजात. ते तसेच माघारी वळले. तोवर शांत होण्याची, कोणी मध्ये पडण्याची, काही वेळ जाऊ देण्याची जी संधी होती ती या माघारी वळण्याबरोबर संपली. लखुजीराव संभाजींवर चालून येताना पाहून शहाजीराजे आपल्या चुलतभावाच्या मदतीस मध्ये आले. सासरा आणि जावई समोरासमोर उभे राहिले. लखुजीरावांच्या तरवारीचा घाव शहाजीराजांच्या दंडावर बसला व ते मूर्च्छित होऊन पडले. मग लखुजीरावांनी संभाजींस गाठले व आपल्या हाताने ठार केले. निजामशहाने मध्ये पडून ही कत्तल पुढे थांबविली.

परमानंदाचे हे वर्णन आम्ही वर्गात वाचून दाखविले, तेव्हा सुरुवातीस ज्यांचा वाद चालला होता तीच मुले प्रथम खुलली व मग हळूहळू गप्प झाली. एकाने विचारले की, शहाजीराजे पडल्यावर लखुजीरावांनी त्यांच्यावर दुसरा वार का केला नाही. प्रश्न मार्मिक आहे. सूडाने आंधळा झालेला मनुष्य समोर पडलेल्यास सहसा सोडीत नाही. त्या क्रोधातही जावयाचा जीव घेणे म्हणजे आपल्याच लेकीचे कुंकू पुसणे होय, एवढे भान त्या बापास राहिले असावे, असे आम्हांस वाटते. हे आमचे अनुमान आहे, पुरावा नव्हे.

आणि ती लेक? इतिहासाने या प्रसंगी जिजाबाईंविषयी एक अक्षर लिहिलेले नाही. भाऊ गेला, ज्याने भावास मारले तो दीरही गेला, ज्याने दिरास मारले तो आपला पिता, पती जखमी, आणि ती जखमही पित्याच्याच हातची. आम्ही या गोष्टीचा विचार करीत असता आमच्या शेजारच्या एका वयोवृद्ध हिंदू गृहस्थांस सुतकाचा नियम विचारला. त्यांनी सांगितले की, विवाहित स्त्रीस सासरच्या भाऊबंदाचे सुतक पुरे दहा दिवस लागते. माहेरच्या भावाचे त्याहून पुष्कळ कमी, कारण लग्नाबरोबर तिचे गोत्र पालटलेले असते. म्हणजे रूढीप्रमाणे जिजाबाईंनी भावाकरिता थोडे दिवस आणि भावास मारणाऱ्याकरिता दहा दिवस पाळावयाचे. मनाचा हिशेब असा मोजून होत नाही. पण त्यांनी भोसल्यांचे घर सोडले नाही, पतीची बाजू सोडली नाही, आणि माहेराविषयी एखादा विषारी शब्द मुलांच्या कानी घातल्याचेही कोठे आढळत नाही. तरवार न उपसता निभावलेला हा प्रसंग आम्हांस त्या दरवाजातील साऱ्या पराक्रमाहून कठीण वाटतो.

लखुजीरावांचे आणि भोसल्यांचे आता एका छत्राखाली राहणे अशक्यच झाले. मलिक अंबराशी तर पूर्वीपासूनच बिनसलेले होते. 1621 च्या सुमारास ते मोगलांकडे गेले. बादशहाने त्यांचे स्वागत किती भारी केले पाहा. त्यांस व त्यांच्या घराण्यातील मंडळींस मिळून चोवीस हजारांची मनसब व पंधरा हजार घोडेस्वार, असा आकडा जुन्या इतिहासकारांनी दिला आहे. सिंदखेडच्या एका देशमुखास फोडण्याकरिता दिल्लीच्या बादशहास एवढी किंमत मोजावी लागली, यावरून त्यांच्या मनगटाची मातब्बरी कळून येते.

1624 साली अहमदनगरजवळ भातवडी येथे मोठी लढाई झाली. एका बाजूस मोगल व विजापूरकर, दुसऱ्या बाजूस मलिक अंबर. अंबराने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडले, सर्वत्र चिखल करून टाकला व संख्येने मोठ्या असलेल्या सैन्याची दाणादाण उडविली. या लढाईत शहाजीराजे निजामशाहीकडून लढले व नावारूपास आले. त्यांचे सख्खे बंधू शरीफजी तेथेच पडले. लखुजीराव मोगलांच्या बाजूस होते. म्हणजे सासरा व जावई पुन्हा एकदा समोरासमोर आले, फरक इतकाच की या वेळी मध्ये हजारो माणसे होती. दरवाजातील त्या दुपारचा हिशेब असा वर्षानुवर्षे चालू राहिला.

येथे एका लोकप्रिय आख्यायिकेचा उल्लेख करणे भाग आहे, कारण शाळेच्या संमेलनात तिचा नाट्यप्रवेश आम्ही स्वतः एकदा बसविला होता. गोष्ट अशी की, लखुजीराव मोगली फौज घेऊन शहाजीराजांचा पाठलाग करीत होते. जिजाबाई दिवस भरत आलेल्या असल्यामुळे त्यांस घोड्यावरची दौड सोसेना, म्हणून शहाजीराजे त्यांस वाटेत ठेवून पुढे गेले. तेथे लखुजीरावांनी त्यांस गाठले, बापाचे हृदय द्रवले, आणि त्यांनी लेकीस शिवनेरीवर पोहोचविले. प्रवेश उत्तम वठला होता, प्रेक्षकांतील मायबहिणींनी डोळे पुसले होते. परंतु तारखा पाहू लागलो तो निराळेच दिसले. शिवाजी महाराजांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवनेरीवर झाला. लखुजीरावांचा अंत त्यापूर्वी जवळजवळ सात महिने झालेला होता. तेव्हा दिवस भरलेल्या लेकीस पोहोचविणे त्यांच्या हातून घडणे शक्य नाही. पूर्वी महाराजांचा जन्म 1627 सालचा मानीत, त्या हिशेबाने ही गोष्ट जमत असे; जन्मतिथी सुधारली तेव्हा ती निराधार झाली. बापलेकीची अशी एक भेट व्हावी असे बखरकारास वाटले, आणि ऐकणारांसही वाटले, यात आम्हांस नवल वाटत नाही. मात्र तो नाट्यप्रवेश आम्ही पुन्हा बसविला नाही.

मलिक अंबर 1626 साली वारला. निजामशाहीस आधार उरला नाही. मोगलांच्या तख्तावर 1628 मध्ये शाहजहान आला, आणि सगळीकडेच मागची घडी विस्कटली. अशा वेळी लखुजीराव मोगलांस सोडून पुन्हा निजामशहाकडे परतले. जुना मुलूख, जुना दरबार, जुना शत्रू अंबर आता नाही. परत येण्यास सबबी पुष्कळ होत्या. परंतु निजामशहाच्या कानाशी हमीदखान लागलेला होता, आणि जो दोनदा गेला तो तिसऱ्यांदा जाईल हे धन्याच्या मनात भरविणे अवघड नव्हते. येथे लखुजीरावांस पूर्वीच्या धनी पालटण्याची किंमत द्यावी लागली, हे त्यांच्या चरित्रकाराने लपवू नये.

25 जुलै 1629 रोजी लखुजीराव दौलताबादच्या दरबारात मुजऱ्यास गेले. बरोबर अचलोजी व रघुजी हे पुत्र होते, आणि नातू यशवंतराव. हा यशवंतराव म्हणजे त्या दरवाजात पडलेल्या दत्ताजींचा मुलगा. आजोबांनी त्यास बरोबर घेतले ते दरबारी रीत शिकावी, धन्याची ओळख व्हावी, अशाच हेतूने असणार. मुजरा होताच निजामशहा उठून आत गेला आणि आधीच दबा धरून ठेवलेले मारेकरी चौघांवर तुटून पडले. झटापट झाली, परंतु असे किती वेळ टिकणार? चौघेही तेथेच मारले गेले. ज्या हाताने जावयास एका घावात लोळविले होते त्या हातास येथे झुंजीचा अवसरसुद्धा मिळाला नाही. यास द्वंद्व म्हणता येत नाही. हा निव्वळ खून होता. आणि जागा कोणती? यादवांची देवगिरी.

ही वार्ता छावणीत पोहोचताच म्हाळसाबाईंनी रडत बसण्यात वेळ घालविला नाही. उरलेला पुत्र बहादुरजी व दीर जगदेवराव यांच्यासह त्या सिंदखेडास सुखरूप येऊन पोहोचल्या. तीन कर्ती माणसे व एक नातू एका सकाळी गमावलेल्या स्त्रीने मागचे घर शाबूत राखले, या गोष्टीस आमच्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीचीही जागा मिळत नाही. जाधवांची ही शाखा पुढे मोगलांकडे राहिली. देऊळगाव राजा येथे जे बालाजीचे प्रसिद्ध देवस्थान आहे त्याचा संबंध याच जगदेवरावांच्या घराण्याशी आहे.

शहाजीराजांनी काय करावे? मेलेला मनुष्य त्यांच्या दंडावर घाव घालणारा, त्यांच्या चुलतभावास मारणारा, भातवडीस शत्रूच्या गोटात उभा राहिलेला. वैराचा हिशेब पाहता त्यांनी समाधान मानावयास हरकत नव्हती. परंतु सासऱ्याच्या या खुनानंतर त्यांनी निजामशहाची चाकरी सोडली. पुष्कळ मराठे सरदारांच्या मनातून तो दरबार त्या दिवशी उतरला. चार वर्षांनी, 1633 साली, दौलताबादचा किल्ला मोगलांनी घेतला, आणि 1636 मध्ये निजामशाही अजिबात नाहीशी झाली.

यंदाच्या हिवाळी सहलीस आम्ही मुलांस सिंदखेड राजा येथे नेले. जिजाबाई जेथे जन्मल्या तो राजवाडा, रंगमहाल, काळा कोट, नीलकंठेश्वराचे देऊळ व मोती तलाव असे सारे पाहून झाले. दरवर्षी 12 जानेवारीस येथे जिजाऊंच्या जन्मोत्सवास अफाट लोटतो, परंतु आम्ही गेलो त्या दिवशी सर्वत्र सामसूम होती. लखुजीरावांची समाधी दगडविटांची, भक्कम, आणि आकाराने एवढी मोठी आहे की, आत पाऊल टाकताच आमची बडबडी मुलेदेखील हळू बोलू लागली. लखुजीरावांच्या सोबतीस त्यांच्या घराण्यातील पुरुषांची स्मारके तेथेच आहेत. वादातील एका विद्यार्थ्याने घुमटाखाली उभे राहून हवेत दोन चार वार काढून दाखविले. त्यास आम्ही रागावलो नाही, पण तो आपण होऊनच थांबला.

परतीच्या वाटेवर गाडीत नावांची गोष्ट निघाली. जिजाबाईंच्या थोरल्या पुत्राचे नाव संभाजी होते. शिवाजी महाराजांचे हे वडील बंधू पुढे कर्नाटकात कनकगिरीच्या वेढ्यात पडले. 14 मे 1657 रोजी पुरंदरावर महाराजांस पुत्र झाला, त्याचेही नाव संभाजी. दोन वर्षांनी त्याची आई सईबाई वारली व बाळास आजीने वाढविले. म्हणजे ज्याने आपल्या भावास मारले व ज्यास आपल्या पित्याने मारले त्याचे नाव जिजाबाईंनी आधी मुलास हाक मारताना घेतले आणि नंतर नातवास हाक मारताना घेतले. 6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. 17 जूनला त्या पाचाड येथे वारल्या. त्या वेळी युवराज संभाजीराजे सतरा वर्षांचे होते.